ज्युरीचं समन्स आलंय, टाळू का?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर साताऱ्याकडचं. सॉफ्टवेअरमध्ये कंत्राटावर काम, पगार तासावर. गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि आता ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं, समन्स येऊन पडलंय. घरात यजमान, बारावीतली लेक आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं. मित्रमंडळींनी सुटकेच्या युक्त्या सुचवल्यात: "इंग्रजी नीट कळत नाही म्हण," नाहीतर "पोलिसांनी पकडलाय म्हणजे दोषीच असणार असं ठणकावून सांग, लगेच घरी पाठवतील." यजमानांचं म्हणणं असं की ही पद्धतच कुचकामी, म्हणून तर नानावटी खटल्यानंतर (पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा खटला) भारताने ती मोडीत काढली. बाई लिहितात: "पैशांची आणि सासूबाईंची काळजी आहेच. पण खरं सांगू? दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावायचा या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. आपण बाहेरून आलेली माणसं, मला इथल्या कायद्यातलं काय कळतं? यातून सुटका करून घेणं चूक आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. रीतसर सूट मागणं चूक आहे का, आणि थाप मारून निसटणं चूक आहे का. पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं 'हो', आणि तेही अंगाशी येऊ शकेल असं 'हो'.

आधी सासूबाई. न्यू जर्सीच्या कायद्यात सूट कुणाला मिळते ते लिहिलेलं आहे: पंच्याहत्तरी गाठलेल्यांना, त्याच काउंटीत गेल्या तीन वर्षांत ज्युरीत बसून आलेल्यांना, प्रकृती साथ देत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलेल्यांना, हजर राहिल्याने खरोखर मोठी आर्थिक ओढाताण होईल अशांना, आणि घरात आजारी किंवा वृद्ध माणूस वा लहान मूल आहे आणि त्याच्याकडे बघायला दुसरं कुणीच नाही अशांना. यातलं 'दुसरं कुणीच नाही' पुन्हा एकदा वाचा. तुम्हीच पत्रात लिहिलंय की यजमान आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात. मग इन्सुलिनचं पेन त्यांना का देता येऊ नये? सासूबाईंना सुनेच्या हाताची सवय झाली असेल हे मला समजतं, पण त्या तुमच्या यजमानांच्या आई आहेत हेही विसरून चालणार नाही. तुमचं काम त्यांच्याइतकंच महत्त्वाचं आहे हे घरात ठरवायला ज्युरीच्या समन्सइतकं चांगलं निमित्त पुन्हा मिळेल असं मला वाटत नाही.

तरीही सासूबाई असेपर्यंत अवघड वाटत असेल, तर सूट मागू नका, तारीख बदलून मागा. बहुतेक न्यायालयं एकदा तारीख पुढे देतात आणि त्यासाठी फार मोठं कारणही लागत नाही. त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे ते बघा, त्यानंतरच्या महिन्यातल्या सोयीच्या तारखा कळवा. मुलीच्या कॉलेजच्या अर्जांचे दिवसही त्यातून वगळा. हे टाळणं नव्हे. व्यवस्थेने तुमच्यासाठी ठेवलेली सोय आहे, ती बिनधास्त वापरा.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यात मी तुमच्या बाजूने आहे. न्यू जर्सीत पहिले तीन दिवस रोजचे ५ डॉलर मिळतात आणि चौथ्या दिवसापासून ४०. केंद्रीय न्यायालयात ५० डॉलर रोज. पाच डॉलरमध्ये कोर्टाजवळ कॉफी आणि बेगल आलं तर नशीब. ज्युरीला गेलात म्हणून मालक तुम्हाला काढून टाकू शकत नाही, त्रासही देऊ शकत नाही, असं कायदा सांगतो. पण त्या दिवसांचा पगार द्यायलाच हवा असं न्यू जर्सीत खासगी मालकावर बंधन नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचा पगार मालकाला द्यावा लागतो, तुमच्याकडे नाही. तेव्हा कंत्राटदार एजन्सीचं हँडबुक उघडा, 'ज्युरी' शब्द शोधा, आणि काहीच सापडलं नाही तर एचआरला दोन ओळींची ईमेल टाका. तोंडी विचारू नका, लेखी उत्तर हाताशी असू द्या.

हिशेब करताना आणखी एक गोष्ट धरा. बहुतेक ठिकाणी आता 'एक दिवस किंवा एक खटला' अशी रीत आहे. त्या दिवशी निवड झाली नाही की संध्याकाळी तुम्ही मोकळ्या, पुढची काही वर्षं बोलावणं नाही. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर किंवा फोनवर आपल्या गटाचा क्रमांक बघायचा असतो, आणि कित्येकदा 'उद्या येऊ नका' असाच निरोप मिळतो. म्हणजे तुम्ही मनात जो सहा आठवड्यांचा खुनाचा खटला रंगवलाय, त्याच्याऐवजी एका दिवसाच्या पगारावर आणि एका पुस्तकावर हे प्रकरण मिटण्याचीच शक्यता जास्त. आणि लांबलचक खटला निघालाच, तर न्यायाधीश निवडीच्या वेळीच सांगतात की हा इतके दिवस चालेल, कुणाला अडचण आहे का. तेव्हा हात वर करा आणि सांगा: मी तासावर काम करते, इतके आठवडे बिनपगारी राहिले तर घराचा हप्ता चुकेल. न्यायाधीश हे रोज ऐकतात. खरी अडचण सांगणाऱ्याला ते सहसा अडवून ठेवत नाहीत.

आता मित्रमंडळींच्या युक्त्या. 'इंग्रजी कळत नाही' ही तर कमालच झाली. गेल्याच वर्षी नागरिकत्वाच्या मुलाखतीत तुम्ही इंग्रजी वाचून, लिहून, बोलून दाखवलंत, आणि दिवसभर कॉलवर इंग्रजीतच वाद घालता. त्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्नांची यादी पाठ केली असेल, त्यात एक प्रश्न होता: फक्त अमेरिकन नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. त्याची मान्य उत्तरं दोनच, केंद्रीय निवडणुकीत मत देणं आणि ज्युरीत बसणं. तुम्ही कुठलं सांगितलंत?

दुसरी युक्ती जास्त धोक्याची आहे. निवडीच्या वेळची उत्तरं शपथेवर असतात. 'पकडलाय म्हणजे दोषीच' असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर ते सांगायलाच हवं, तिथे तुम्हाला न बसवणंच बरं. वाटत नसताना सांगणं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं. शिवाय न्यायाधीश काही भोळे नसतात. 'बरं, पण मी तुम्हाला सांगितलं की आरोपीला निर्दोष धरूनच सुरुवात करायची, तर ते तुम्ही पाळाल का?' असे दोन-तीन प्रश्न ते शांतपणे विचारतात, आणि भरलेल्या खोलीत अनोळखी माणसांसमोर आपण किती एकांगी आहोत हे ठासून सांगत राहायची वेळ येते. त्या खोलीत आपली आणखी दोन देशी माणसं बसलेली असली तर रविवारी देवळात काय चर्चा होईल ते मी सांगायला नको. समन्सच केराच्या टोपलीत टाकायचा विचार असेल तर तोही सोडा: न्यू जर्सीत न जाणाऱ्याला ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरणही होऊ शकतं.

हे झालं व्यवहाराचं. तुमच्या पत्रात मला जास्त खुपलं ते 'आपण बाहेरून आलेली माणसं' हे वाक्य.

कर भरताना, शाळेच्या बोर्डाला मत देताना, स्नो हटवायला गाडी आली नाही म्हणून टाउनशिपला फोन करताना आपण बाहेरचे नसतो. मग नेमके इथेच बाहेरचे कसे होतो? यजमानांनी भारतातल्या ज्युरीचा विषय काढलाच आहे, तर मी थोडी मागे जाते. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मुजफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून. ज्युरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, कित्येक तास ते ज्युरीपुढे बोलत होते. लेख मराठीतले, आणि ज्यांनी निर्णय द्यायचा त्यांतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही. सगळी मदार भाषांतरावर, आणि भाषांतरात अर्थाचा विपर्यास झालाय ही टिळकांचीच तक्रार होती. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. त्याआधी १८९७ च्या खटल्यातही सहा विरुद्ध तीन असाच कौल होता. शाळेत आपण हा इतिहास वाचतो तो टिळकांच्या बाजूने वाचतो. त्या नऊ खुर्च्यांच्या बाजूने वाचला तर प्रश्न पडतो, तिथे आणखी पाच जण मराठी जाणणारे बसले असते तर?

टिळकांच्या १९०८ च्या त्या ज्युरीत आपली मराठी माणसं नव्हतीच. तुम्हाला मात्र जागा देऊन वर पत्र पाठवून बोलावलंय. अमेरिकेतही या खुर्च्या सगळ्यांना सहज मिळाल्या असं नाही. लुइझियानात १९७० च्या दशकापर्यंत बायकांची नावं ज्युरीच्या यादीत आपोआप येत नसत, मला बसायचंय असं आधी लेखी कळवावं लागे. ती पद्धत १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. कृष्णवर्णीयांना वकील कारण न देता ज्युरीतून वगळत, त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आडकाठी घातली, आणि त्यावरचे वाद अजूनही चालूच आहेत. मिडलसेक्स काउंटीत आपली वस्ती किती आहे ते ओक ट्री रोडवर शनिवारी पार्किंग शोधताना कळतंच. तिथल्या एखाद्या दुकानदारावर, एखाद्या टॅक्सीवाल्यावर, नातीला सांभाळायला आलेल्या एखाद्या आजोबांवर काही बालंट आलं, तर बारा जणांत एक तरी माणूस असावा ज्याला कळेल की साहेबासमोर मान खाली घालून उभं राहणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. आपण सगळे हुशारीने सुटत गेलो तर तो माणूस कुठून यायचा?

यात थोडं आपल्या माणसांपुरतं बघणं आहे, मला मान्य आहे. पण उलट बाजूनेही तेच खरं आहे. ज्या आरोपीशी तुमचं काहीच साम्य नाही, त्यालाही तुमच्यासारखी शंकेखोर बाई ज्युरीत हवीच असते.

आता यजमानांचा मुद्दा. नानावटी प्रकरणामुळे ज्युरी बंद झाली हे आपल्याकडे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की ते खरंच वाटतं. पण कायदा आयोगाने ज्युरी रद्द करण्याची शिफारस चौदाव्या अहवालात १९५८ सालीच केली होती. कमांडर नानावटींनी गोळ्या झाडल्या त्या एप्रिल १९५९ मध्ये. ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. या खटल्याने ज्युरीची उरलीसुरली पत गेली हे खरं, पण त्यानंतरही ती काही ठिकाणी रेंगाळत राहिली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. (पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या दाव्यांत मात्र पाच प्रतिनिधी बसवायची तरतूद पुढेही राहिली. यजमानांना हे सांगा, एखादा चहा तरी सुटेल.) त्या ज्युरीचं चुकलं कुठे हे बघायचं तर 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने चालवलेली मोहीम आणि कोर्टाबाहेरची गर्दी बघायला हवी. अमेरिकेत न्यायाधीश रोज सुट्टी होताना तेच तेच बजावतात: बातम्या वाचू नका, गूगल करू नका, घटनास्थळी जाऊन बघू नका, घरी नवऱ्याशीसुद्धा बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही. ऐकून कंटाळा येतो खरा. पण कारण हेच आहे.

"मला कायद्यातलं काय कळतं?" काहीही कळायची गरज नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. कायदा न्यायाधीश सांगतात, सोप्या भाषेत, वेळ पडली तर लेखी देतात. ज्युरीने ठरवायचं ते एवढंच की काय घडलं आणि कुणाचं बोलणं विश्वासार्ह आहे. भाजीवाल्याच्या तराजूकडे आणि मुलीच्या 'मैत्रिणीकडे अभ्यासाला चाललेय'कडे तुम्ही ज्या नजरेने बघता, तीच नजर इथे लागते.

मी स्वतः एकदा बसले आहे, गाडीच्या टकरीच्या एका दिवाणी दाव्यात. निवडीच्या वेळी प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारले: काय काम करता, घरात कोण कोण, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून कळतात, आणि गाडीच्या बंपरवर काही स्टिकर आहे का, असेल तर काय लिहिलंय (निवडणुकीतल्या उमेदवाराचा असेल तर तो सोडून). माझ्या बंपरवर कन्येच्या शाळेचा स्टिकर होता, तो मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितला. न्यू जर्सीत दिवाणी दाव्याला सहा जण पुरतात आणि सहातल्या पाचांचं एकमत झालं तरी चालतं. आमच्या सहांत एक जण निवृत्त इंजिनिअर होते, पहिल्या तासात तेच बोलत होते. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणाऱ्या एक बाई मात्र गप्पच. त्यांनी पुराव्यातला एक फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, टक्कर फेब्रुवारीतली ना, मग मागच्या झाडाला एवढी पानं कशी? फोटो टकरीनंतरच्या सकाळचा म्हणून दाखवला होता. दावा काही त्यावर कोसळला नाही, धक्का बसलाच होता आणि भरपाई द्यावीच लागली. पण नुकसान किती यावरचा आमचा वाद तिथून वेगळ्याच वळणाला लागला. वकिलांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. इंजिनिअर साहेबांच्याही नाही. आणि हो, माझ्याही नाही.

आता तुमची खरी भीती. दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल.

ती भीती मला चुकीची वाटत नाही, ज्याला ती वाटत नाही त्याचीच मला जास्त काळजी वाटेल. पण ती नेमकी कशाची आहे ते बघू. फौजदारी खटल्यात शिक्षा सामान्यतः न्यायाधीश ठरवतात. 'हा माणूस वाईट आहे का' हेही तुम्हाला विचारत नाहीत. सरकारी वकिलांनी आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध केलाय का, एवढाच प्रश्न असतो, आणि उत्तर 'हो' असेल तर बाराही जणांनी 'हो' म्हणावं लागतं. तुम्हाला शंका राहिली असेल तर 'मला पटलं नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, अकरा जण वैतागून घड्याळाकडे बघत असले तरी. त्या वेळी गप्प न बसणं हेच अवघड काम आहे, हे मी नाकारत नाही. आपल्याकडे मुलींना 'चारचौघांत उलट बोलू नये' हे फार लवकर शिकवतात. पण पत्रात ज्या स्पष्टपणे तुम्ही मला यजमानांच्या मताविरुद्ध विचारलंत, त्यावरून मला नाही वाटत तुम्ही दबून जाल.

उलटा विचारही करून बघा. तुम्ही सुटलात म्हणून खटला थांबत नाही, पुढच्या नावाला बोलावतात. ते नाव कदाचित 'पकडलाय म्हणजे दोषीच' असं खरोखर मानणाऱ्या माणसाचं असेल, आणि तो ते मोठ्याने बोलणारही नाही.

इतकं होऊनही धर्माच्या किंवा विवेकाच्या कारणाने कुणाचा निवाडा करणं तुम्हाला शक्यच नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तेही न्यायाधीशांना सांगता येतं, सांगायलाच हवं. तशीच एखाद्या गुन्ह्याची झळ तुम्हाला किंवा घरच्यांना बसली असेल, आणि त्याच प्रकारचा खटला समोर आला, तर चारचौघांत नव्हे, न्यायाधीशांजवळ बाजूला जाऊन बोलायचंय असं म्हणा. तशी सोय असते. देवाची शपथ घ्यायची नसेल तर नुसत्या प्रतिज्ञेवरही चालतं.

आणि बसवलंच नाही तरी दिवस फुकट गेला असं समजू नका. बहुतेक फौजदारी प्रकरणं कबुलीवर मिटतात, दिवाणी दावे तडजोडीवर, आणि पुष्कळदा ती तडजोड नेमकी त्या सकाळी होते जेव्हा शेजारच्या खोलीत ज्युरीची माणसं येऊन बसलेली असतात. बारा अनोळखी माणसांच्या हातात प्रकरण जाणार हे दिसलं की दोन्ही बाजूंना एकदम शहाणपण सुचतं.

तुमच्यासारखी पत्रं अधूनमधून येत असतात, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. न्यू जर्सीत ज्युरीची यादी मतदारांबरोबरच ड्रायव्हिंग लायसन्स आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांच्या नोंदींवरून बनते, त्यामुळे ग्रीन कार्ड किंवा एच-वन व्हिसावाल्यांच्या घरीही समन्स येतं. ते फाडून टाकू नका आणि उत्साहाच्या भरात जाऊही नका. प्रश्नावलीत 'मी नागरिक नाही' हा पर्याय निवडून वेळेत परत पाठवा. चुकून किंवा हौसेने 'नागरिक आहे' म्हटलंत तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याचा ठपका येऊ शकतो, आणि त्यात पुढची सगळी इमिग्रेशनची वाट अडू शकते. इंग्लंडमधल्या मंडळींचं मात्र वेगळं आहे. तिथे ब्रिटिश पासपोर्टची अट नाही. मतदार यादीत नाव, वय १८ ते ७५ आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर पाच वर्षं वास्तव्य असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यालाही बोलावणं येऊ शकतं, कारण राष्ट्रकुलातले नागरिक तिथे मतदार होऊ शकतात. "आम्ही तर इंडियन, आम्हाला काय" असं म्हणून पत्र बाजूला ठेवलं तर १००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

समन्सवर 'ग्रँड ज्युरी' लिहिलंय का तेही नीट वाचा. तो प्रकार वेगळा: दोषी की निर्दोष हे न ठरवता आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का एवढंच बघायचं, पण त्यासाठी कित्येक आठवडे ठरावीक दिवशी जावं लागतं. तिथे पगाराचं गणित आधी मांडा आणि अडचण असेल तर सुरुवातीलाच कळवा.

आणखी एक, विशेषतः घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर. "तुम्ही ज्युरीला आला नाहीत, अटक वॉरंट निघालंय, आत्ता दंड भरा" असे फोन येतात. समोरचा स्वतःला शेरीफच्या कचेरीतला म्हणवतो आणि गिफ्ट कार्डाचे आकडे मागतो. तो चोर. कुठलंही न्यायालय फोनवर गिफ्ट कार्डाने दंड घेत नाही. फोन ठेवा, आणि शंका असेल तर समन्सवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. सासूबाई दुपारी एकट्या असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

तर तुम्ही असं करा. प्रश्नावली भरायची मुदत समन्सवर छापलेली असते, ती आज रात्रीच बघा. खरी उत्तरं भरा, तारीख सासूबाईंच्या परतीनंतरची मागा, एजन्सीला ईमेल टाका आणि यजमानांना इन्सुलिनचं पेन कसं वापरायचं ते या शनिवारी शिकवा, सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्या दिवशी अंगावर एखादा स्वेटर असू द्या, कोर्टाच्या इमारतींतलं एसी कुणाच्या हुकमावर चालतं कळत नाही. डबा न्या. पुस्तक न्या, फोनची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही.

आणि निवड झालीच, तर खटला संपेपर्यंत मला एक अक्षर लिहू नका. संपल्यावर मात्र सविस्तर लिहा.